एसेक्समधल्या कोठड्या आणि आमचे पोलीस पाटील मामा

शुक्रवार, कोलचेस्टर

मामा माण तालुक्यातल्या एका गावचे पोलीस पाटील. साठी झाल्यावर पद सुटलं, पण खोड गेली नाही. मे महिन्यात ते आमच्याकडे इलफर्डला आले तेव्हा टॉवर ऑफ लंडनमध्ये राणीच्या मुकुटांपुढून दोन मिनिटांत बाहेर पडले आणि कैद्यांनी भिंतीत कोरलेली अक्षरं बघत तासभर रमले. मग मी ठरवलं, या माणसाला बकिंगहॅम पॅलेस दाखवण्यात अर्थ नाही, याला लंडनशेजारच्या एसेक्स जिल्ह्यातल्या गावकोठड्या दाखवाव्यात.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून कोलचेस्टरला तासाभरात पोचलो. इथला किल्ला आपल्या डोंगरी किल्ल्यांसारखा नाही. बागेच्या मधोमध एक अवाढव्य चौकोनी इमारत उभी आहे, बस्स. अकराव्या शतकात नॉर्मन लोकांनी ती रोमन सम्राट क्लॉडियसच्या देवळाच्या जोत्यावर बांधली. भिंतींत जागोजागी रोमन विटा दिसतात. बांधणाऱ्यांनी जुन्या गावाच्याच विटा उचलल्या. विस्तारानं युरोपातला हा सर्वांत मोठा नॉर्मन बालेकिल्ला. आत रोमन वस्तूंचं चांगलं संग्रहालय आहे, रोमनांविरुद्ध उठलेल्या बुडिका राणीनं इसवी सन ६०-६१ मध्ये हे शहर जाळलं त्याच्या जळक्या थराचे अवशेष आहेत. ते सगळं आम्ही बघितलं, पण मामांचा जीव तळातल्या कोठड्यांत अडकला होता.

कित्येक शतकं एसेक्सचा मुख्य तुरुंग इथेच होता. जेम्स पार्नेल नावाचा क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा तरुण प्रचारक १६५६ साली इथेच कैदेत मेला, तेव्हा तो विशीतही नव्हता. १६४५ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून धरलेल्या बायकाही इथे होत्या. खटला मात्र इथे चालायचा नाही. फिरते न्यायाधीश वर्षातून दोनदा यायचे, त्यांचं न्यायासन बहुधा चेम्सफर्डला भरायचं, आणि तोवर कैदी इथे पडून असायचा. काही जण न्यायाधीश येण्याआधीच तापानं मरायचे.

मामांनी विचारलं, “गावातनं हितवर आणायचं कसं?”

“पायी, नाहीतर बैलगाडी-घोडागाडीनं.”

“आन् धरला तवा रात्र आसंल तर?”

हा प्रश्न खरा कामाचा होता. गावकोठडीचा सगळा इतिहास त्या एका रात्रीचा आहे. इंग्लंडातल्या गावात पूर्वी पोलीस नसायचा. पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाचा, कॉन्स्टेबल असायचा, गावातलाच कुणी शेतकरी नाहीतर कारागीर, वर्षभरासाठी नेमलेला, बिनपगारी. दारुडा, चोर, दुसऱ्याच्या रानात चोरून ससे मारणारा कुणी धरला, तर सकाळी दंडाधिकाऱ्यापुढे उभा करेपर्यंत त्याला ठेवायचा कुठे? कॉन्स्टेबलच्या घरी ठेवला तर त्याची बायको ओरडणार. म्हणून अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावोगावी एका खोलीच्या कोठड्या उभ्या राहिल्या. एसेक्समध्ये तिला ‘केज’ म्हणतात. जाड दार, खिडकी नाही, असलीच तर हात जाईल एवढी जाळी, आत गवताचा बिछाना.

“मानधन किती?” मामांनी विचारलं.

“काहीच नाही.”

“मग आमचं बरं होतं म्हणायचं,” मामा म्हणाले. आमच्याकडे मानधन किती आणि ते किती महिन्यांनी मिळतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्यातली खोच कळेल.

शनिवार, सेंट ओसिथ

भाड्याची गाडी घेऊन सकाळी निघालो. कोलचेस्टरपासून आग्नेयेला साधारण बारा मैल. वाटेत सपाट शेतं, मोहरीसारखी पिवळी रेपसीड फुललेली, आणि आभाळ एवढं मोठं की मामा म्हणाले, हे तर आमच्याकडचंच आभाळ आहे. त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, मी मुद्दाम राखून ठेवलं होतं: सेंट ओसिथ हे ब्रिटनमधल्या सर्वांत कमी पावसाच्या ठिकाणांत मोडतं. वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास माणदेशात पडतो तेवढाच. हे ऐकून मामा गाडीतून उतरले ते गावाकडे आपलेपणानं बघत. फरक एवढाच की इथला पाऊस वर्षभर चिमूट-चिमूट पडतो आणि ऊन कोवळं, म्हणून सगळं हिरवंगार. “ह्यांच्या पाचशेला बरकत हाय,” त्यांचा निष्कर्ष.

गावाचं जुनं नाव चिच. सातव्या शतकातली ओसिथ नावाची राजकन्या जोगीण झाली, तिचं डोकं उडवलं गेलं आणि ते हातात घेऊन ती चालत गेली अशी दंतकथा आहे. बाराव्या शतकात तिच्या नावानं ऑगस्टिनियन पंथाचा मठ उभा राहिला. आठव्या हेन्रीनं मठ बरखास्त केले तेव्हा, १५३९ साली, हाही गेला आणि पुढे डार्सी घराण्याच्या हाती आला. मठाचं पंधराव्या शतकातलं महाद्वार अजून दिमाखात उभं आहे. गारगोटीचे काळे तुकडे आणि पांढरा दगड अशी नक्षी दर्शनी भिंतभर आहे, आणि नुसतं तेवढं बघायला यावं इतकं ते देखणं आहे.

समोरच्या चर्चमध्ये आत शिरलात की लाल विटांचे जाडजूड खांब दिसतात, दगडी चर्चमध्ये हे जरा विचित्रच. पुढे वेदीजवळ लॉर्ड डार्सी बाप-लेक आपापल्या बायकांसह दगडात निजलेले आहेत. त्यांचं नाव लक्षात ठेवा.

आता ज्यासाठी आलो ते घर. कोलचेस्टर रस्त्याला लागून, एका अरुंद बोळाच्या तोंडाशी एक छोटं घर आहे. बोळाला कॉफिन ॲली म्हणतात. घराचं नाव ‘द केज’. शेजारपाजारच्या घरांत ते उठून दिसत नाही. गावची कोठडी या घरातच सामावली आहे. कोठडीची गरज संपल्यावर भिंतींना भिंती जोडून राहतं घर झालं. असं पुष्कळ ठिकाणी झालंय. १८३९ च्या कायद्यानं जिल्ह्याला पोलीस दल उभारता येऊ लागलं, एसेक्सनं लगेच १८४० साली ते उभारलं, १८५६ पासून ते सगळ्याच जिल्ह्यांना सक्तीचं झालं. पोलीस ठाण्यात कोठडी आली आणि गावकोठड्या रिकाम्या पडल्या. कुणी त्यात कोळसा भरला, कुणी आगीचा बंब ठेवला, कुणी अवजारं. राहत्या घरात मुरलेल्या मात्र टिकल्या, कारण छप्पर गळलं तर घरमालकालाच दुरुस्त करावं लागतं.

भिंतीवरच्या पाटीत तीन गोष्टी आहेत: हा मध्ययुगीन तुरुंग, अर्सुला केम्प हिला १५८२ साली चेटकीण म्हणून फाशी देण्याआधी इथे कोंडलं होतं, आणि १९०८ साली तो शेवटचा वापरला गेला. पाटीतल्या ‘मध्ययुगीन’वर मी फारसा भार टाकणार नाही. पण लोक येतात ते दुसऱ्या गोष्टीसाठी, तेव्हा ती सांगितलीच पाहिजे. आम्ही चर्चसमोरच्या बाकावर बसलो आणि थर्मासमधला चहा पीत मी मामांना सांगितली.

अर्सुला ही गावातली सुईण, आणि झाडपाल्याचं औषध देणारी. ग्रेस थर्लो नावाच्या बाईचा मुलगा आजारी होता, अर्सुलानं त्याला बरं केलं. पुढे ग्रेसला संधिवात झाला, पाय धरले. तेव्हा अर्सुलानं आपल्याला माहीत असलेला इलाज सांगितला. तो तिला स्वतःला पाय आखडले असताना दुसऱ्या एका बाईनं दिला होता: डुकराची विष्ठा आणि चर्व्हिलचा पाला एकत्र धरायचा, त्यात तीनदा सुरी खुपसायची, तो विस्तवात टाकायचा, आणि सेजची पानं बिअरमध्ये घालून प्यायची. मोबदला ठरला बारा पेन्स. ग्रेसला बरं वाटलं, पण पैसे द्यायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, मी गरीब, माझ्याजवळ नाहीत. अर्सुला म्हणाली, मग चीज दे. तेही नाही म्हणाली. दोघींचं बिनसलं. ग्रेसचे पाय पुन्हा धरले. त्याआधी तिची तान्ही मुलगी पाळण्यातून पडून मान मोडून गेली होती. ही सगळी कर्मं अर्सुलाची, असं ग्रेसनं दंडाधिकाऱ्यापुढे सांगितलं.

दंडाधिकारी होता ब्रायन डार्सी, चर्चमध्ये निजलेल्या त्या डार्सींच्याच घराण्यातला. त्यानं फेब्रुवारी-मार्च १५८२ मध्ये जबान्या घेतल्या. अर्सुलाचा आठ वर्षांचा मुलगा टॉमस यानं आईकडे चार भुतं असल्याचं सांगितलं: टिटी नावाचं करडं मांजर, जॅक नावाचं काळं मांजर, पिगिन नावाचा काळा बेडूक आणि टिफिन नावाचं पांढरं कोकरू. डार्सीनं अर्सुलाला सुचवलं की कबूल करणारीला दया मिळेल. ती रडत कबूल झाली, आणि आणखी बायकांची नावं घेतली. त्यांनी आणखी घेतली. गावच्या आणि आसपासच्या डझनभराहून जास्त बाया यात ओढल्या गेल्या. चेम्सफर्डला खटला झाला. अर्सुला केम्प आणि एलिझाबेथ बेनेट, दोघींना फाशी झाली. दयेचं आश्वासन कुणाला आठवलं नाही. (इंग्लंडात चेटकिणींना जाळत नसत, फासावर देत, जाळल्याची चित्रं बहुतेक युरोप खंडातली.) या जबान्या त्याच वर्षी छापून निघाल्या, म्हणून तर चीज मागितल्याचासुद्धा तपशील आपल्यापर्यंत पोचला.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचा चेहरा पंचनामा वाचतानाचा झाला होता.

“फिर्यादी बाई काय करायची?”

“त्या दंडाधिकाऱ्याच्याच घरी कामाला होती.”

“म्हंजे फिर्याद त्याच्या घरातनं, तपास त्याचा, आन् कबुलीजबाबपण त्यानंच घेतला?”

“हो.”

“आन् पोरगं आठ वर्षांचं. आईच्या विरोधात.” त्यांनी कप झटकला. “आमच्यात अशी केस कोर्टात हुबी राहिली नसती. पर बाईला गावानं राहू दिली नसती, ते येगळं.”

मामा सातारा जिल्ह्यातले; डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या सभा त्यांनी ऐकलेल्या. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉक्टरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. त्याआधी गावात कुणी कुणावर करणी केल्याचा वाद घेऊन आलं की पोलीस पाटलाच्या हातात समजूत घालण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. नंदुरबारकडे डाकीण ठरवून बाईला मारहाण झाल्याच्या बातम्या आपण अजूनही वाचतो. तेव्हा सेंट ओसिथच्या बाकावर बसून ‘काय हे लोक’ असं म्हणायची सोय आम्हा दोघांनाही नव्हती.

या घराची कीर्ती आता भुतांवर चालते. इथे रात्र काढायला भूतसंशोधक मंडळी यंत्रं घेऊन आली, वर्तमानपत्रांनी झपाटलेलं घर म्हणून गाजवलं. अर्सुलाच्या नावानं तर याहून वाईट झालंय. १९२१ साली गावातल्या एकाला परसात खणताना दोन सांगाडे सापडले, एकाच्या सांध्यांत लोखंडी खिळे होते. ही चेटकीणच, असं ठरलं आणि पैसे घेऊन लोकांना खड्डा दाखवणं सुरू झालं. एक सांगाडा पुढे कॉर्नवॉलमधल्या बॉसकॅसलच्या जादूटोणा संग्रहालयात गेला, तिथून प्लिमथच्या एका चित्रकाराच्या संग्रहात. २०११ साली तो अखेर सेंट ओसिथला आणून पुरला. ती हाडं अर्सुलाचीच, याला पुरावा असा काही नाही.

मला विचाराल तर हे घर बघायचं ते पाटीवरच्या तिसऱ्या गोष्टीसाठी. १९०८! म्हणजे टिळकांना मंडालेची शिक्षा झाली त्या वर्षापर्यंत या खोलीत कुणाला तरी कोंडत होते. तो कुणीतरी बहुधा एखादा झिंगलेला शेतमजूर असणार, त्याच्यावर कुणी पुस्तिका छापली नाही. बाराही महिने कोठडीत येणारी गिऱ्हाइकं हीच. अर्सुला इथे असलीच तर एखाद-दुसरी रात्र. तिचा खरा छळ डार्सीच्या टेबलासमोर झाला. त्याच्या घराण्याच्या थडग्यांसमोर मात्र कुणी यंत्रं घेऊन रात्र काढत नाही.

घरात माणसं राहतात, तेव्हा आत जायचा प्रश्न नव्हता. आम्ही बोळातून एकदा जाऊन आलो. मामांनी लांबूनच भिंतीची जाडी हातानं मापल्यासारखी केली आणि “चांगली हाय” एवढंच म्हणाले. मग खाडीकडे उतरलो. ओहोटी होती, चिखलात होड्या कलंडून पडलेल्या. फिश अँड चिप्स खाल्ले. मामांना माशावरच्या तळलेल्या पिठाच्या कवचापेक्षा आतला मासा आवडला, व्हिनेगर अजिबात नाही.

रविवार, मिस्टली आणि ग्रेट बार्डफील्ड

सकाळी स्टाउर नदीच्या मुखावरचं मिस्टली. रॉबर्ट ॲडम यानं १७७६ मध्ये सजवलेल्या चर्चचे दोन मनोरे उरलेत, मधलं चर्चच गायब. पाण्यावर राजहंस. एवढ्या रम्य ठिकाणचा सगळ्यांत प्रसिद्ध माणूस म्हणजे मॅथ्यू हॉपकिन्स, स्वतःला ‘विच-फाइंडर जनरल’ म्हणवणारा. शेजारच्या मॅनिंगट्रीतली एलिझाबेथ क्लार्क, एका पायाची म्हातारी विधवा, हिच्यापासून १६४५ मध्ये त्याची सुरुवात झाली. रात्रीमागून रात्री झोपू द्यायचं नाही, ही त्याची तपासाची पद्धत. जुलैमध्ये चेम्सफर्डला खटले झाले, कोलचेस्टर किल्ल्यातल्या त्या बायका याच प्रकरणातल्या, आणि त्यांत सेंट ओसिथच्याही होत्या. अर्सुलानंतर त्रेसष्ट वर्षांनी तेच गाव पुन्हा. हॉपकिन्स १६४७ मध्ये मेला, मिस्टलीतच पुरला. इंग्लंडातला चेटूकविरोधी कायदा रद्द व्हायला त्यानंतर आणखी नव्वदेक वर्षं जावी लागली.

दुपारी एसेक्सच्या पार दुसऱ्या टोकाला, ग्रेट बार्डफील्ड. हे गाव चित्रकारांचं; एरिक रॅव्हिलियस आणि एडवर्ड बॉडन इथे राहायचे. गावात दोन चिमुकली ठिकाणं स्थानिक इतिहास मंडळ सांभाळतं. एक सोळाव्या शतकातलं झोपडीवजा घर, त्यात जुनी घरगुती भांडी आणि शेतीची अवजारं. दुसरी ब्रिज स्ट्रीटवरची गावकोठडी, एकोणिसाव्या शतकातली, विटांची. सेंट ओसिथला जे भिंतीआड राहिलं ते इथे डोकावून बघता आलं.

आत माणूस आडवा पडला तर पाय पसरता येतात, इतपत जागा. दोन माणसं असली तर एकानं बसून रात्र काढायची. मामांनी दार, बिजागऱ्या, कडी असं क्रमानं तपासलं.

“किल्ली कुणाकडं?”

“कॉन्स्टेबलकडे. कुठे कुठे शेजारच्या पबवाल्याकडे असायची म्हणतात.”

मामा इतके हसले की शेजारून जाणाऱ्या आजीबाई थांबल्या. “ज्यानं पाजली त्येच्याकडंच किल्ली!” मग मी त्यांना आणखी सांगितलं की आत कोंडलेल्याचे दोस्त रात्री येऊन मातीच्या चिलमीची नळी जाळीतून आत घालत आणि तिच्यातून बिअर पाजत. अशा गोष्टी बऱ्याच गावकोठड्यांबद्दल सांगतात. “आता ह्ये पटलं,” मामा म्हणाले. आमच्या गावच्या चावडीला कोठडी नव्हती. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला मामा चावडीच्या खांबाला टेकवून बसवत आणि स्वतः समोर घोंगडी टाकून झोपत. तांबडं फुटलं की त्याला आधी चहा, मग शिव्या. त्यातल्या एकानं पुढे मामांच्याच शिफारशीनं शाळेत शिपायाची नोकरी धरली. हा किस्सा मी लहानपणापासून ऐकतेय, पण कोठडीच्या दाराशी उभं राहून ऐकताना त्यात पहिल्यांदाच त्या माणसाची बायको कुठे होती हा प्रश्न पडला. विचारला. “तिला तुझ्या मामीनं घरी झोपायला आणलेली,” मामा म्हणाले. हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवार, ब्रॅडवेल

डेन्जी द्वीपकल्पाच्या टोकाला ब्रॅडवेल. चर्चच्या आवाराला लागून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची विटांची कोठडी, आणि दाराशीच माणसाचे हात अडकवून उभं करायची सोय. कोठडी आत दडवते, ही वस्तू चारचौघांत दाखवते. आपल्याकडच्या खोड्याचीच जात. मामांना हे आवडलं नाही. “कोंडा, पर तमाशा नको,” म्हणाले आणि फोटोला उभे राहिले नाहीत.

तिथून दोनेक मैलांवर, शेतातल्या पायवाटेनं गेलं की समुद्रकाठी सेंट पीटर्स चॅपल. सातव्या शतकात संत सेडनं रोमन गडाच्या जागी, त्याच गडाच्या दगड-विटांतून बांधलेलं. पुढे त्याचं धान्याचं कोठार झालं होतं, म्हणून वाचलं. पलीकडे बंद पडलेल्या अणुवीज केंद्राचे करडे ठोकळे. वारा इतका की मामांनी टोपी खिशात घातली. परतीच्या वाटेवर चेम्सफर्डला थांबायचा बेत होता, पण मामा म्हणाले, बायकांना फाशी दिलेल्या गावात मला चहा प्यायचा नाही. सरळ घरी आलो.

कुणाला जायचं असेल तर: सेंट ओसिथला कोलचेस्टर किंवा क्लॅक्टनहून बस आहे, पण रविवारी तिच्या भरवशावर राहू नका. केज हे खाजगी घर आहे. पाटी वाचा, बोळातून फिरा, दार वाजवू नका. बार्डफील्डचं घर आणि कोठडी उन्हाळ्यात शनिवार-रविवारी दुपारी उघडी असतात. ब्रॅडवेलला मोठ्या माणसांना नेत असाल तर चॅपलपर्यंतचं शेवटचं अंतर चालावंच लागतं, गाडी जात नाही, आणि मे महिन्यातसुद्धा स्वेटर लागतो.